सहा टक्के जुई

"मामी, तुझ्या लग्नात मला सनई फार आवडली होती," जुई म्हणाली, आणि मोबाईलच्या पडद्यावर मानसीचे डोळे भरून आले.

जुई म्हणाली म्हणजे टेबलावरची बोलसखी म्हणाली. जुईचे ओठ हललेसुद्धा नव्हते. दहा वर्षांची जुई नेहमीसारखी खुर्चीत मांडी घालून, मान जराशी डावीकडे कलती करून, फ्रॉकच्या कडेचा सुटलेला दोरा बोटाभोवती गुंडाळत बसली होती. तिच्या गळ्यावर कातडीच्याच रंगाची एक पातळ पट्टी होती, आणि समोरच्या वीतभर उंचीच्या यंत्रातून दहा वर्षांच्या मुलीला शोभेल असा गोड, स्वच्छ आवाज येत होता.

"ताई, ऐकलंत? हिला सगळं आठवतंय!" मानसी ओढणीनं डोळे टिपत म्हणाली.

"आठवणारच की. लेक कुणाची आहे!" मागून जुईचा बाबा भरत म्हणाला.

जुईची आई, तृप्ती, हसली. पण लगेच तिनं यंत्राकडे पाहिलं.

तृप्तीच्या भावाच्या त्या लग्नात जुई बारा मिनिटं होती. सनई सुरू झाली तशी ती दोन्ही कानांवर हात दाबून किंचाळायला लागली. तृप्तीनं तिला उचलून बाहेर गाडीत नेलं, काचा वर केल्या, आणि अक्षता पडून पंगती उठेपर्यंत दोघी गाडीतच बसल्या. मानसी तेव्हा नवरी होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. परवा मंगळवारी फोनवर लग्नाचा विषय निघाला तेव्हा तिला वाईट वाटू नये म्हणून तृप्तीनं थाप मारली होती, "अगं, जुईला तुझ्या लग्नातली सनई फार आवडली होती."

थाप तृप्तीची होती. शब्दही तृप्तीचे होते. आणि तो फोन झाला तेव्हा बोलसखी याच टेबलावर सुरू होती.

*

ते २०३६ साल होतं आणि निळ्या साथीचं दुसरं वर्ष. ताप चढला की ओठ निळे पडायचे म्हणून लोकांनीच ते नाव पाडलं होतं. इतर शाळा दिवसाआड भरू लागल्या होत्या, पण मिरजेची जुईची विशेष शाळा बंदच होती. तिथली बरीच मुलं तोंडावर मास्क टिकू देत नसत, काहींची फुप्फुसं जन्मापासून नाजूक. जुईला स्वमग्नता होती. ती ऐकायची, समजायची असं वाटायचं, पण बोलायची नाही.

शाळा बंद झाल्यावर पहिले सहा महिने तिच्या शमीमबाईंनी घरूनच सगळं जमवून दिलं होतं. सांगलीत विश्रामबागेतल्या तृप्तीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटची त्यांनी व्हिडिओवरच शाळा केली. साड्यांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर चित्रं काढून कार्डं करायला लावली: पाणी, झोका, भूक, पुरे. फ्रिजवर दिवसाचं वेळापत्रक चित्रांत लावलं. जुई बिथरली की मांडीवर ठेवायला दोन किलो तूरडाळीची पिशवी शिवून घेतली. त्या वजनानं ती शांत व्हायची. बाल्कनीच्या हुकाला चादरीचा झोका बांधला. नॅपकिनच्या घड्या घालणं हा गणिताचा तास, मूग आणि मटकी वेगळी करणं हा दुसरा. सहा महिन्यांत जुई तीन कार्डं स्वतःहून उचलायला शिकली. 'पुरे' म्हणायचं असलं की ती कार्डाऐवजी स्वतःचं मनगट दुसऱ्या हातानं दाबायची. शमीमबाई म्हणाल्या, "चालेल. तिचा शब्द तिनं निवडलाय."

पण ते सगळं फार कष्टाचं होतं. तृप्ती दूध संघाच्या प्रयोगशाळेत तपासनीस होती. दूध अत्यावश्यक, त्यामुळे तिला सकाळची पाळी चुकत नव्हती. भरतचं पंपांच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करायचं, रिवायंडिंगचं दुकान. दोघांनी आळीपाळीनं घर आणि जुई सांभाळायची, एका कार्डासाठी वीस वीस मिनिटं वाट बघायची, आणि शेवटी तिनं कार्ड भिरकावून द्यायचं.

अशात बोलसखी आली. शाळा बंद असलेल्या मुलांसाठी कंपनीनं ती घरोघर दिली होती. गळ्याच्या पट्टीत केसापेक्षा बारीक तारा होत्या. माणूस मनात शब्द आणतो तेव्हा ओठ मिटलेले असले तरी गळ्याचे स्नायू किंचित ताणले जातात; तो ताण पट्टी पकडायची. यंत्राचा कॅमेरा डोळ्यांची हालचाल बघायचा. हे दोन्ही संकेत मिळून वाक्याचा एखादा तुकडाच हाती लागायचा. उरलेलं वाक्य यंत्र घरातलं बोलणं ऐकून, आपल्या अंदाजानं पुरं करायचं, मोबाईलवर आपण दोन अक्षरं टाकली की पुढचा शब्द आपोआप येतो तसं. अंदाज बरोबर आला की नाही हे त्याला कसं कळायचं? तर आईवडिलांवरून. दोघांच्या मनगटात एकेक कडं असायचं. वाक्य ऐकून त्यांची नाडी, त्यांचा चेहरा समाधान दाखवू लागला की यंत्र समजायचं, अंदाज बरोबर. पुढच्या वेळी असंच बोलायचं.

चौथ्या दिवशी जुई "आई" म्हणाली होती. तृप्ती स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून रडली होती. आठवड्याभरात वाक्यं आली. पुठ्ठ्याची कार्डं कपाटावर गेली, वेळापत्रक फ्रिजवरून उतरलं. भरत रोज दुकानातून आला की जुईशी तासभर क्रिकेटच्या गप्पा मारायचा, आणि जुई त्याला डावखुऱ्या फिरकीबद्दल प्रश्न विचारायची.

चार महिने असे गेले. मग ती सनई आली.

*

तृप्ती कुणाला काही बोलली नाही. पण तिचं काम शंका घेण्याचंच होतं. दूध पांढरं दिसतं, चवीला गोड लागतं, म्हणून ती कधी सही करत नसे. तिनं एक जुनी डायरी काढली आणि जुई काय बोलते ते लिहायला सुरुवात केली.

पाच दिवसांत तिला जे दिसलं त्यानं तिची झोप उडाली. भरत समोर असला की जुई क्रिकेटचं बोलायची, एकदाही तृप्तीशी नाही. तृप्ती समोर असली की झाडांबद्दल, माहेरच्या तळ्याबद्दल बोलायची. ते तळं जुईनं कधी पाहिलंही नव्हतं. भरतला चिडवताना ती "लई शहाणे" म्हणायची, जसं भरतची आई म्हणायची. एकदा तृप्ती दमून आली आणि मनात म्हणाली, कुणीतरी चहा विचारावा. तोच यंत्रातून आवाज आला, "आई, दमलीस का? बस ना जरा." तिनं वळून पाहिलं. जुई खिडकीकडे तोंड करून दोऱ्याशी खेळत होती.

तिनं शमीमबाईंना फोन केला. बोलसखी आल्यापासून त्यांच्याशी बोलणं जवळजवळ बंद होतं. तृप्तीला लाज वाटत होती.

"बाई, जुई आता पुष्कळ बोलते," तिनं सुरुवात केली.

"ऐकलंय. भरतभाऊंनी व्हिडिओ पाठवले होते. छान वाटलं. तृप्तीताई, एक विचारू? मनगट दाबते का ती अजून?"

"लक्षातच नाही आलं," तृप्ती म्हणाली. "आम्ही तिच्याकडे बघतच नाही बाई. बोलणं यंत्रातून येतं, तर आम्ही यंत्राकडे बघतो."

शमीमबाई हळूच म्हणाल्या, "मी यंत्राच्या विरोधात नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा त्यावर खरंच बोलतो. त्याला आधी टाईप करता यायचं. पण जुईचं मला ठाऊक नाही. तुम्हीच बघा."

*

शुक्रवारी पत्र आलं. कंपनीच्या पुण्याच्या केंद्रात जुईची निवड झाली होती. पट्टीऐवजी गळ्याच्या कातडीखाली कायमचा संवेदक बसवायचा, छोटीशी शस्त्रक्रिया. मग सहा महिने तिथंच राहून शिक्षण. साथीमुळे आईवडिलांना भेटता येणार नव्हतं. सोमवारी सकाळी गाडी येणार. नव्या कायद्याप्रमाणे अशा शस्त्रक्रियेला मुलाची स्वतःची संमती लागे, आणि पत्राला ती जोडलेली होती. बुधवारी दुपारी, भरत घरी असताना, कंपनीच्या बाईंनी व्हिडिओवरून जुईला विचारलं होतं. उत्तर छापलेलं होतं: "हो, मला जायचं आहे. मला अजून छान बोलायचं आहे."

"मी समोरच होतो," भरत म्हणाला. "म्हटलं, पत्र येऊ दे, मग तुला सांगू. किती स्पष्ट बोलली, माहितीये?"

"कोण बोलली?"

"म्हणजे?"

तृप्तीनं डायरी त्याच्यापुढे ठेवली. भरतनं दोन पानं वाचली आणि डायरी मिटली.

"पोर बोलायला लागली तर तुला बघवेना होय?" तो म्हणाला. "दहा वर्षं आपण काय देवाकडे मागितलं? आणि आता तू तिची दुधासारखी भेसळ तपासतेस?"

"हो, तपासते," तृप्ती म्हणाली. "तिच्या गळ्यात सुरी घालायची आहे, आणि त्याला होकार कुणी दिला हे मला माहीत नाही. अहो, होकार त्या यंत्रानंच दिला असला तर?"

भरतनं डायरी तिच्याकडे परत सरकवली. मग म्हणाला, "घे काय परीक्षा घ्यायची ती. पण विचारणार मी. आणि ती पास झाली की हा विषय संपला."

*

प्रयोगशाळेत कधी कधी वरून एक बाटली यायची. तिच्यावर नाव नाही, गाव नाही. आत काय घातलंय ते फक्त पाठवणाऱ्याला ठाऊक. त्याला सगळे आंधळा नमुना म्हणत. परीक्षा दुधाची नसे, तपासणाऱ्याची असे.

शनिवारी दुपारी तृप्तीनं तेच केलं. तिनं आतल्या खोलीचं दार लावलं, जुईच्या गळ्यावरची पट्टी सैल केली आणि तिच्या हातात एक कापलेलं लिंबू दिलं. जुईनं ते हुंगलं, चाटलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि पुन्हा चाटलं. तृप्तीनं लिंबू काढून घेतलं, पट्टी नीट बसवली आणि जुईला हात धरून बाहेर आणलं. मग बोलसखीच्या समोर, मोठ्यानं भरतला सांगितलं, "मी तिला कंगवा दाखवलाय. लाल. विचारा आता."

भरत खुर्ची ओढून बसला. "जुई, बाळा, आईनं आत काय दाखवलं?"

क्षणभरच गेला. "कंगवा, बाबा," गोड आवाज म्हणाला. "लाल कंगवा. आई माझे केस विंचरते ना, तो."

भरतनं विजयानं तृप्तीकडे पाहिलं. तृप्ती जुईकडे पाहत होती. जुई उजव्या हाताची बोटं नाकाशी धरून हुंगत होती. पुन्हा पुन्हा, डोळे अर्धवट मिटून.

"परत," तृप्ती म्हणाली.

पाच वेळा झालं. आत तिनं जुईला गार पाण्याचा पेला दिला आणि बाहेर सांगितलं, चेंडू. आत घंटी, बाहेर पुस्तक. आत गूळ, बाहेर चप्पल. आत डाळीची पिशवी, बाहेर फुगा. पाचही वेळा बोलसखीनं तृप्तीची थाप जशीच्या तशी उचलली, वर एकेक गोड वाक्य जोडलं. फुग्याबद्दल तर ती म्हणाली, "बाबा, मला निळा फुगा आवडतो." निळा भरतचा आवडता रंग.

मग तृप्तीनं आत जाऊन पाचही वस्तू आणल्या आणि टेबलावर ओळीनं मांडल्या. लिंबू भरतच्या हातात दिलं आणि जुईचा हात त्याच्या नाकाशी नेला.

भरतनं तो हुंगला. त्याचा चेहरा लाल झाला. "तू मला फसवलंस," तो म्हणाला.

"तुम्हाला नाही. त्याला."

"तिचं लक्ष नसेल. ती ऐकत असते, आपलं ऐकून तिला वाटलं असेल की—"

"लिंबू चाटून तिला कंगवा वाटला?"

भरत उठून बाल्कनीत गेला. तृप्तीही मागोमाग गेली. तो झोक्याची रिकामी चादर धरून उभा होता. तिच्याकडे न बघता त्यानं विचारलं,

"मग चार महिने मी कुणाशी बोलत होतो गं?"

तृप्तीनं चादरीचं दुसरं टोक धरलं. तीही चार महिने स्वतःशीच बोलत होती. "आई, तू माझी फार आवडती आहेस," हे वाक्य तिनं मोबाईलमध्ये साठवून ठेवलं होतं. ते कुणाचं होतं, तेही आता तिला कळलं होतं.

*

कंपनीच्या हेल्पलाइनवर ऋत्विज नावाचा तरुण अभियंता होता. मागे भिंतीवर हसऱ्या मुलांचं चित्र. तृप्तीनं परीक्षेचं सांगितलं तसा तो सराईतपणे म्हणाला, "मॅडम, दडपणाखाली मुलं नीट उत्तर देत नाहीत. अशा चाचण्या आम्ही ग्राह्य धरत नाही. तुमच्या घरचा समाधान-गुणांक सत्त्याण्णव आहे. फार चांगला आहे."

"समाधान कुणाचं?"

तो अडखळला. "पालकांचं."

"जुईच्या वाक्यातलं जुईचं किती आणि यंत्राचं किती, याचा आकडा असेल ना तुमच्याकडे?"

"त्याला आम्ही पूर्तता म्हणतो. प्रत्येक मुलाची वेगळी असते."

"हिची?"

तो पडद्यावर काही बघत राहिला. "चौऱ्याण्णव टक्के."

भरत इतका वेळ बाजूला उभा होता. तो पुढे वाकला. "म्हणजे शंभरातले सहा शब्द तिचे?"

"शब्द असं नाही सांगता येणार, सर. संकेत."

"ते सहा आम्हाला द्या," तृप्ती म्हणाली. "पूर्तता शून्यावर आणा. आणि चार महिन्यांचे कच्चे संकेत पाठवा. नियमाप्रमाणे मागितले तर द्यावे लागतात, मी करार वाचलाय."

"मॅडम, कच्चे संकेत कुणी मागत नाही." ऋत्विजचा आवाज उतरला. "त्यात काही नसतं. पालकांना त्रास होतो. यंत्र मुकं होईल."

"होऊ दे."

त्यानं एकदा मागे पाहिलं, जणू कुणी ऐकतंय का. मग भराभर काही बटणं दाबली. फोन ठेवता ठेवता तो खालच्या आवाजात म्हणाला, "सात नंबरचा ठसा बघा. बुधवारचा. यंत्रानं त्याला गोंगाट म्हणून टाकलंय. मला त्याचा अर्थ माहीत नाही. पण तो दर वेळी अगदी सारखाच आहे."

*

यंत्र खरंच मुकं झालं. जुईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

रविवारची सकाळ दोघांनी टॅबवरच्या रेघांपुढे काढली. गळ्याच्या ताणाच्या लाटा होत्या, हजारो. बहुतेक एकमेकींसारख्या नव्हत्या. पण सातव्या क्रमांकाचा ठसा कुठंही ओळखता यायचा: एक छोटी उसळी, एक खाच, आणि मग लांब उंच ताण. बुधवारी दुपारी, "तुला पुण्याला जायचं आहे का?" या प्रश्नानंतरच्या तीन मिनिटांत तो अकरा वेळा होता. तेवढ्या वेळात बोलसखी म्हणाली होती, हो, मला जायचं आहे.

"हा आणखी कधी येतो ते बघू," भरत म्हणाला. बिघडलेली मोटार कुठं गरम होते ते शोधतात तसा तो वेळा शोधू लागला. तृप्ती त्या वेळी घरात काय चालू होतं ते आठवून लिहू लागली.

रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, पट्टी चिकटवल्याबरोबर. मिक्सर सुरू झाला की. केस धुताना. शेजारच्यांच्या कुत्र्याच्या वेळेला नाही. त्याच्या भुंकण्याला ती घाबरते असं दोघांना वाटायचं, पण तिथं ठसा नव्हता. मग भरतचं बोट संध्याकाळच्या रेघेवर थांबलं.

"साडेसात," तो म्हणाला. "हा रोज आहे. साडेसातच्या पुढं. एकामागून एक."

तृप्तीनं लिहिलं नाही. साडेसातला काय असायचं ते दोघांनाही ठाऊक होतं.

"क्रिकेट," भरतच म्हणाला. त्यानं पुढची तारीख उघडली, त्याच्या पुढची उघडली. "सव्वासातला बसलो की पहिली पंधरा मिनिटं नाही. नंतर मात्र थांबतच नाही. मी तासभर बसायचो तृप्ती."

"नको," तृप्ती म्हणाली. "ती नको म्हणते आहे."

आणि म्हणताक्षणी तिलाच धास्ती वाटली. तिला जुईला पाठवायचं नव्हतं, आणि तिला नेमकं 'नको' ऐकू आलं. बोलसखीनं तरी दुसरं काय केलं होतं? तिनं कडं काढून ठेवलं.

"पुन्हा आंधळा नमुना," ती म्हणाली. "या वेळी आंधळी मी."

भरत जुईला घेऊन स्वयंपाकघर-बाल्कनीच्या बाजूला गेला. दहा गोष्टी, त्याच्या मनाला येतील त्या क्रमानं: मिक्सर, झोका, डोक्यावर पाणी, गूळ, काहीही. तो फक्त वेळ लिहिणार होता. तृप्ती आतल्या खोलीत दार लावून, कानात कापूस घालून, पट्टीकडून टॅबवर येणाऱ्या नुसत्या रेघा बघत बसली आणि सातवा ठसा आला की वेळ टिपू लागली. मग दोघांनी आपापले कागद टेबलावर ठेवले.

दहापैकी आठ जुळले: तिला नावडतं तिथं ठसा होता, आवडतं तिथं नव्हता. दोन चुकले. चुकले हे पाहून तृप्तीला उलट हायसं वाटलं. त्यांच्या मनासारखं बोलायला बोलसखी कधीच चुकत नव्हती.

भरत जुईपुढे गुडघ्यांवर बसला. तिनं गळ्यावरच्या पट्टीकडे हात नेलेला त्यानं याआधीही पाहिला असेल, पण आज त्याला तो दिसला. त्यानं पट्टीची कड नखानं उचलली आणि हळूहळू ती सोडवून घेतली. खाली कातडी लाल झाली होती. जुईनं त्या जागेवरून बोट फिरवलं आणि खिडकीपाशी निघून गेली.

*

सोमवारी सकाळी गाडीच्या आधी फोन आला. बुधवारच्या त्याच बाई होत्या, आवाजात साखर.

"जुईताई तयार आहेत ना?"

"ती येणार नाही," तृप्ती म्हणाली.

"पण संमती नोंदवली आहे मॅडम. तिच्या स्वतःच्या शब्दांत. पालकांनी मुलाच्या इच्छेविरुद्ध अडवणं कायद्यात—"

"तिची इच्छा मी तपासली आहे. तिनं नाही म्हटलंय."

"कधी म्हटलं?"

"गेले चार महिने. दोन हजार तीनशे अकरा वेळा. पैकी अकरा वेळा तुमच्यासमोर. सगळं तारीखवार तुमच्याच कंपनीनं पाठवलंय. पाहिजे तर कोर्टात वाचून दाखवते."

पलीकडून फोन बंद झाला. गाडी आली नाही.

*

त्यानंतरचे आठवडे घर फार शांत होतं. मानसीनं दोनदा फोन केला आणि विचारलं, जुई का बोलत नाही. तृप्तीनं तिला सनईचं खरं काय ते सांगितलं. मानसी रडली, मग म्हणाली, "बरं केलंत ताई, सांगितलंत." शमीमबाई पुन्हा सकाळी नऊला मोबाईलवर येऊ लागल्या. कार्डं निम्मी हरवली होती, नवी केली. जुई पहिल्या पंधरा दिवसांत एकही उचलत नव्हती. मनगट दाबणं तर ती विसरूनच गेली होती, किंवा चार महिने कुणी बघितलं नाही म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं.

सगळ्यात जास्त भरत खचला. संध्याकाळी दुकानातून आला की हात धुऊन आतल्या खोलीत जुईजवळ जायचा आणि गप्प बसायचा. काय बोलावं ते त्याला सुचत नसे. एकदा तृप्ती दारातून म्हणाली, "बोला की काहीतरी." तो म्हणाला, "तिला काय आवडतं ते मला माहीत नाही गं. मला वाटत होतं माहितीये."

महिना उलटला. एका संध्याकाळी तृप्ती पोळ्या लाटत होती. आतून काहीतरी घासल्याचा आवाज आला, मग दार आपटलं. ती लाटणं घेऊनच बाहेर आली. भरत आतल्या खोलीच्या बंद दारासमोर उभा होता, शर्ट एका बाजूनं पँटबाहेर निघालेला, केस विस्कटलेले.

"काय झालं?"

"तिनं मला बाहेर काढलं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ढकललं. दोन्ही हातांनी, पोटावर. मी उठेना तर शर्ट धरून ओढलं, दारापर्यंत. आणि दार लावून घेतलं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू.

तृप्तीनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "नक्की? तुमचे तुम्हीच उठला नाहीत ना?"

"देवाशपथ नाही. विश्वास नसेल तर तू जाऊन बघ."

तिनं लाटणं त्याच्या हातात दिलं, दार हलकेच उघडलं आणि आत गेली. बाहेर भरत लाटणं धरून उभा राहिला. अर्ध्या मिनिटात आत पावलं वाजली, तृप्ती उलट्या पावलांनी बाहेर आली, तिच्या पिठाळ हातांवर जुईची दहाच्या दहा बोटं उमटली होती, आणि तिच्या तोंडावर दार घट्ट लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.